फुकटची वाटी

सोलच्या गल्लीतल्या साध्या खानावळीत तुम्ही ऑर्डर दिली रे दिली, की टेबलावर चार-पाच वाट्या येऊन बसतात. किमची, मोड आलेलं सोयाबीन, मुळा, तळलेले इवलेसे मासे. या लवाजम्याचं नाव बानचान. याचे पैसे नाहीत. वाटी संपली की पुन्हा भरून मिळते, त्याचेही नाहीत. मराठी माणूस अशा वेळी मेन्यूकार्ड उलटंपालटं करून बारीक अक्षरं शोधतो. तीही नाहीत.

वाढणाऱ्या बाईंना गिऱ्हाइकं 'इमो' अशी हाक मारतात. इमो म्हणजे मावशी, थेट आईची बहीण. पगारावर राबणाऱ्या बाईला नात्यात ओढून घ्यायची युक्ती आपल्याला एकट्यालाच सुचलेली नाही तर! हल्ली मात्र पुष्कळ ठिकाणी मावशीच्या जागी टेबलावर टॅब बसवलाय. त्याला मावशी म्हणून काही उपयोग होत नाही.

भाताचं तसं नाही. तो झाकणाच्या स्टीलच्या वाटीत, मापात येतो. आणि हे माप खानावळवाल्याच्या कंजूषपणाचं नाही, सरकारचं आहे. तांदूळ वाचवायचा म्हणून 1976 साली सोलमध्ये वाटीच ठरवून दिली: व्यास 10.5 सेंटिमीटर, उंची 6. आज तिथं तांदूळ खाऊन संपत नाही, पण वाटी काही मोठी झाली नाही. सरकारं जातात, त्यांची मापं आपल्या पानात राहतात.

आता भिंतीवरची पाटी वाचा. कुठला जिन्नस कुठल्या देशातून आला, हे तिथं कायद्यानं लिहावं लागतं. तांदूळ, देशी. किमची: कोबी चीनचा, मिरचीपूडही चीनची. घरोघरी मिळून किमची घालण्याच्या कोरियन प्रथेला युनेस्कोनं 2013 साली मानवजातीचा वारसा ठरवलं. वारसा देशी, वाटीतला माल आयात. किमची मुळात कुणाची, यावर चिन्यांशी मोबाइलवरून कडाक्याचं भांडायचं आणि भांडून भूक लागली की त्यांचीच किमची खायची.

2010 साली पावसानं कोबीचं पीक बसलं आणि किमचीचा लांबट कोबी अस्मानाला भिडला. राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांनी फर्मावलं, माझ्या पानात गोल कोबीची किमची वाढा. त्याग केला, पण बाजारात न जाता केला. गोल कोबीही तितकाच महागलेला! लोकांनी यथेच्छ टिंगल केली.

आपल्याकडे एवढा गाजावाजा होत नाही. कांदा भडकला की मिसळीच्या ताटलीत निमूटपणे कोबी येतो. ना पाटी, ना फर्मान, ना टिंगल. आपण तो फरसाणात कालवून गिळतो आणि महागाई आटोक्यात असल्याची बातमी वाचतो. खरं तर बातमी ताटलीतच असते. टेबलावर फुकट काय मिळतं आणि ते कधी बंद होतं, एवढं पाहिलं तरी देशाचा अर्थसंकल्प कळतो.

परवा पुण्यात मिसळीबरोबर दुसऱ्यांदा कांदा मागितला. पोऱ्यानं बोटानंच भिंतीवरची पाटी दाखवली: 'जादा कांद्याचे पैसे पडतील.'

गल्ल्यावर बाई बसल्या होत्या. मावशी म्हणून पाहिलं. त्यांनी बिलात कांदा लावला.