विकायची नाही, पण बोला

"हॅलो. हां, हाये ना. दोन हजार दहाची, थ्री लिटर, फोर बाय फोर. पांढरी. नाही नाही, विकायची नाही." इथं नाना दम खातात, मोबाइल या कानावरून त्या कानावर घेतात आणि ओसरीवर बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे बघून डोळा बारीक करतात. "पण तुम्ही बोला तर खरं."

गेली सहा वर्षं हे असंच चाललंय. गाडी विकायची नाही आणि गिऱ्हाईक तोडायचं नाही. कुणी सात म्हणालं की नाना आठ म्हणतात, कुणी आठ म्हणालं की "घरात विचारून सांगतो." घरात म्हणजे काकूंना, आणि काकूंना आजतागायत एकदाही विचारलेलं नाही. "आमच्या थोरलीला इतक्या मागण्या आल्या नव्हत्या," एवढंच त्या म्हणतात.

नाना श्रीगोंदा तालुक्यातले, काष्टीच्या अलीकडचे. बारा एकर रान, कुकडीच्या आवर्तनावर ऊस, थोडी लिंबं, चाळभर कांदा, चार गाया. ट्रॅक्टरसाठी पत्र्याची शेड बांधली होती, त्यात आता फॉर्च्युनर असते आणि ट्रॅक्टर उन्हात. कांद्यावर टाकायची ताडपत्रीही गाडीवर. पावसात कांदा भिजला तर नाना हळहळतात, पण ताडपत्री हलवत नाहीत.

ही गाडी दिल्लीची. टोयोटानं ऑगस्ट २००९मध्ये फॉर्च्युनर आणली तेव्हा शोरूमची किंमत होती १८ लाख ४५ हजार, आणि तरी एवढी झुंबड उडाली की काही काळ बुकिंगच थांबवावं लागलं. नानांनी तेव्हा तिचा फक्त फोटो पाहिला होता. पुढं दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी झाली. हरित लवादाचा हुकूम आधीचा, २०१८मध्ये सुप्रीम कोर्टानंही तो उचलून धरला, आणि तिकडच्या नऊ-नऊ वर्षांच्या धडधाकट गाड्या एकदम मरणपंथाला लागल्या. २०१९मध्ये नाना दौंडला कर्नाटक एक्स्प्रेसमध्ये बसले ते थेट दिल्लीला, करोलबागच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात उतरले.

सोबत मी होतो, म्हणून सांगतो. एजंट चमकणारं बोनेट दाखवत होता, मीटर दाखवत होता. नानांनी मीटरकडं पाहिलंही नाही. जन्म काष्टीच्या बैलबाजारात गेलेला माणूस. तिथं शिंगं तासून, तेल लावून म्हातारा बैल तरणा करतात, म्हणून पारखी माणूस आधी जबडा उघडतो. दुसा, चौसा, सहादाती, की जुळला? नानांनी दार उघडलं, वाकले आणि क्लचच्या पेडलवरच्या रबरावर अंगठा फिरवला. खाचा गुळगुळीत. "मीटर सत्तर हजार सांगतंय, रबर दीड लाख सांगतंय," ते माझ्या कानात म्हणाले. ती गाडी सोडली. दुसरीचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला; टोकाशी वाळलेला गाळ निघाला. पुराच्या पाण्यात बसलेली. तीही सोडली. तिसरीच्या बोनेटचे बोल्ट नखानं तपासले, बोल्टावरचा रंग कुठं तडकला नव्हता, म्हणजे पत्रा कधी उतरवलेला नाही. रबरावर खाचा होत्या. नानांनी खिशातून रुमाल काढून एजंटाच्या हातावर टाकला आणि त्याची बोटं धरली. तो बिचारा दिल्लीचा. त्याला वाटलं, नाना हात पुसतायत.

साडेसहा लाखांत जमलं. मग एनओसी, मग टॅक्स, नगरच्या आरटीओत पासिंग, आणि पैसे भरून चॉईस नंबर, ४१४१. पाटी रंगवणाऱ्यानं ते चार आकडे असे काही वळवले की लांबून सरळ 'दादा' दिसायचं. गाडी दिल्लीत म्हातारी होती, श्रीगोंद्यात येऊन दादा झाली.

आता एवढी दणकट गाडी. कळसूबाईच्या पायथ्याला न्यावी, भंडारदऱ्याकडून घाटघरला चढवावी. नानांनी तिला डांबर सोडून कधी खाली उतरवलं नाही. गिअरच्या शेजारी एक छोटा दांडा आहे. तो ओढला की गाडी रेड्यासारखी चिखल तुडवत निघते. सहा वर्षांत त्या दांड्याला कुणी हात लावलेला नाही. "झीज होती," नाना म्हणतात, "आणि झीज झाली की रिसेल पडती." एकदा मात्र कालव्याच्या रस्त्यावर समोरून ऊसाची गाडी आली. नाना बाजूला झाले आणि चारही चाकं काळ्या रानात रुतली. पुतण्या म्हणाला, नाना, दांडा ओढा. नाना म्हणाले, ट्रॅक्टर आण. उन्हात उभा असलेला तो ट्रॅक्टर आला. दोर कुठं बांधायचा यावर पाऊण तास गेला, कारण बंपरला ओरखडा आला तर कुणी भरून द्यायचा? शेवटी दोराखाली काकूंचं जुनं लुगडं घातलं.

मी एकदा विचारलं, नाना, विकायची नाही तर भाव कशाला काढता? त्यावर त्यांनी मला दुधाची वही दाखवली. पुढून दूध, फॅट, एसएनएफ, मागून गाडी. तारीख, गाव, आकडा, शेरा, असे रकाने. "केडगाव, ७.२०, हसला." "राशीन, ६.५०, परत बोलायचं नाही." "शिरूरचा बिल्डर, ८.७५, चहा घेतला नाही." शेवटच्या शेऱ्याखाली दोन रेघा. मग म्हणाले, "दुधाचा भाव डेअरी सांगती. उसाचा कारखाना सांगतो. कांद्याचा आडत्या सांगतो, आणि डिसेंबर २०२३ला तर दिल्लीनं निर्यातच बंद केली, चाळीत सडला. आपल्याला आयुष्यात 'किती घेणार?' असं विचारलं कुणी? ह्या गाडीपायी विचारत्यात." एवढं बोलून त्यांनी वही बंद केली आणि गायींना पेंड घालायला गेले.

बाजाराचा त्यांचा अभ्यास दांडगा. फोर्डनं २०२१मध्ये इथलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, त्या दिवशी नाना एन्डेव्हरवाल्या मित्राला भेटायला गेले, दुखवट्याला जावं तसे. पजेरोचं नाव काढलं की ते उसासा टाकतात. जपानात नवी लँड क्रूझर वर्षभर विकणार नाही असं गिऱ्हाइकाकडून लिहून घेतलं, ही बातमी त्यांनी मला पाचदा पाठवली. "बघा," खाली लिहिलेलं, "तिकडंपण सगळे आपल्यासारखेच."

नातवाला घेऊन नगरचं रणगाडा संग्रहालय बघायला गेलो होतो. तिथं १९६५च्या युद्धातला पाकिस्तानी पॅटन उभा आहे. पोरगं त्याच्या तोफेकडं आ वासून बघत होतं. नानांनी साखळपट्ट्यावर टिचकी मारली, भोवती एक फेरी मारली. "माल चांगला हाये," ते हळूच म्हणाले, "पण कागद नाय." शनिशिंगणापूरला नेलं तर तिथं, जिथं घरांना दारं नाहीत, नानांनी गाडी लॉक करून चारदा हँडल ओढून बघितलं.

गेलं वर्ष मात्र वाईट गेलं. आधी ती नवी सक्तीची नंबरप्लेट आली, इंग्रजी आकड्यांची, सगळ्यांची सारखी. 'दादा' गेले, ४१४१ राहिले. चौकात कुणीतरी विचारलं, "नाना, गाडी विकली काय?" मग गाडीला पंधरा वर्षं झाली, पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवायची, पर्यावरण कर भरायचा. तेही नानांनी सोसलं. पण २२ सप्टेंबर २०२५ला जीएसटी बदलला. मोठ्या गाड्यांवर उपकर धरून पन्नास टक्के जायचे, ते चाळीस झाले. नवी फॉर्च्युनर साडेतीन लाखांच्या आसपास उतरली आणि जुनीला विचारणारे गप्प झाले. सगळा गाव स्वस्ताई झाली म्हणून खूश, आणि नाना ओसरीवर मोबाइल चार्जिंगला लावून बसलेले. पंधरा दिवस एक फोन नाही. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. डॉक्टरनं बीपी तपासलं, ठीक निघालं.

शेवटी काकूंनी पुतण्याला गोठ्यात गाठलं. त्या रात्री पुतण्याच्या बायकोनं तिचं नवं सिम दिलं, आणि आठ वाजता फोन वाजला. पुण्याहून, विमाननगरहून. आवाज जाड केलेला. नऊ देतो म्हणाला.

नाना ताठ बसले. "विकायची नाही," म्हणाले. दम खाल्ला. मोबाइल या कानावरून त्या कानावर घेतला. त्या रात्री दीड भाकरी खाल्ली आणि ठेचा मागितला.

सकाळी धारांच्या वेळेला मी ओसरीवर चहा पीत होतो. नानांनी चष्मा लावला, कालचा नंबर काढला आणि आपणहून फोन लावला. भिंतीपलीकडं, गोठ्यात, कुठंतरी बादलीशेजारी फोन वाजायला लागला. पुतण्याचे दोन्ही हात कासेला. गाणं पुरं वाजून थांबलं. नानांनी पुन्हा लावला. पलीकडं पुन्हा वाजलं. काकू चुलीपाशी खाली मान घालून लाकूड सारत होत्या.

"उचलत नाय," नाना म्हणाले. "कामात असंल."

मग त्यांनी दुधाची वही उलटी केली, पेन्सिल जिभेला लावली आणि लिहिलं. मी वाकून वाचलं. "पुणे, ९.००." आणि शेऱ्याच्या रकान्यात: "आवाज घरचा. आकडा चांगला."