दाढी आमची, नळ त्यांचा

जिलेटने भारतीय दाढीसाठी रेझर काढला, तो आधी तपासला अमेरिकेत एमआयटीत शिकणाऱ्या आपल्या पोरांवर. दाढी अस्सल देशी, पण नळाला धो धो पाणी! इथे गडी उकिडवा बसलेला, आरसा खुंटीला, पुढ्यात पेलाभर पाणी. पात्यात अडकलेले केस काही केल्या निघेनात. मग साहेबलोक हजारेक पुरुषांच्या दाढ्या न्याहाळत बसले. (गावचा न्हावी हे चहावर सांगता.) २०१० साली एका पात्याचा ‘गार्ड’ आला, १५ रुपयांना. तोवर ठीक. आता पोरांनी दाढ्याच राखल्यात, तर बाजारात खास दाढीचं महागडं तेल हजर. विकणाऱ्याने घरातली खोबरेलाची बाटली बहुधा पाहिलेली नाही.