पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये

देवनहळ्ळीचं नाव झालं ते टिपू सुलतानाच्या जन्मामुळे, भौगोलिक मानांकन मिळालेल्या पपनसांमुळे आणि २००८ पासून बंगळुरूच्या विमानतळामुळे. जुन्या ॲनालॉग सिंथेसायझरच्या दुरुस्तीशी या गावाचा काही संबंध नाही. तरी विमानतळाभोवती उगवलेल्या एखाद्या गृहसंकुलात पुण्याहून बदलून आलेले एक गृहस्थ राहतात, असं समजावं. त्यांनी १९८१ साली बाजारात आलेला कोर्ग पॉलिसिक्स सेकंडहँड घेतलाय, असंही समजावं. यापुढे काही समजून घ्यावं लागत नाही. जुना पॉलिसिक्स घेणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला तेच येतं.

जपानी बाजारासाठी बनलेला नग १०० व्होल्टवर चालतो आणि आपली भिंत २३० देते. पाठीमागची पट्टी न वाचता प्लग खोचला, की वाद्य आयुष्यातला सर्वांत दमदार आणि शेवटचा आवाज काढतं. आपले गृहस्थ सावध. त्यांनी आधी ट्रान्सफॉर्मर आणला, मग खटका दाबला आणि कान टवकारले. घुंऽऽऽ. पाच मिनिटं त्यांना ते विमान वाटलं. विमान गेलं, घुं राहिली.

ही घुं म्हणजे चाळीस वर्षांत सुकलेल्या कपॅसिटरांचं गाऱ्हाणं. भिंतीतली वीज ५० हर्ट्झची. ती सरळ करताना १०० हर्ट्झच्या लाटा उठतात आणि त्या गिळण्याचं काम कपॅसिटरांनी सोडलेलं असतं. आता १०० हर्ट्झ म्हणजे कुठली पट्टी? पांढरी पाचपेक्षा चढी, काळी चारपेक्षा उतरलेली. म्हणजे बिघाडाबरोबर रियाज करायची सोयसुद्धा नाही.

खरी करमणूक झाकण उघडल्यावर सुरू होते. पॉलिसिक्समध्ये ३२ आवाज साठवता येतात आणि वीज गेल्यावर ते लक्षात राहावेत म्हणून आत एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी बसवलेली असते. ही बॅटरी म्हातारपणी गळते आणि गळालेला क्षार ज्या सर्किटच्या पाटीवर ती स्मरणशक्ती आहे, तीच पाटी खातो. राखणदारानेच तिजोरी खाल्ल्याचं दुसरं इतकं शुद्ध उदाहरण सरकारी चौकशी अहवालांतही मिळायचं नाही. क्षारावर उतारा आम्लाचा, म्हणून स्वयंपाकघरातलं व्हिनेगर गायब होतं. "अहो, चायनीजला ठेवलं होतं ते!" ही हाक येईपर्यंत गृहस्थ जुन्या टूथब्रशने पाटी घासत बसलेले असतात. खाल्लेल्या तांब्याच्या रेषांच्या जागी मग केसाएवढ्या तारा जोडायच्या. डोळे, मान आणि संयम, तिन्ही या क्रमाने दुखू लागतात.

सुटे भाग आणायला सदर पत्रप्पा रोड, म्हणजे एस. पी. रोड. पुण्यात तापकीर गल्लीत वाढलेल्या डोळ्यांना तिथं घरच्यासारखं वाटतं. फक्त नकार कानडीत मिळतो. कपॅसिटर, रेझिस्टर मुबलक. पण सिंथेसायझरच्या खास चिपा मागितल्या, की दुकानदार गिऱ्हाइकाकडे पुराणवस्तू म्हणून पाहतो. परदेशातून मागवाव्यात, तर जुन्या चिपेवरचं नाव पुसून नवं छापणारे कलावंतही त्या बाजारात आहेत.

एवढं करून वाद्य बोललं, तरी सुरात बोलेल याची हमी नसते. ॲनालॉग वाद्यात व्होल्टेजचा स्वर करण्याचं काम बऱ्याचदा ट्रान्झिस्टरची जोडी करते आणि तिला हवामान कळतं. तापमान एका अंशाने बदललं, की स्वरांमधलं अंतर सुमारे एक तृतीयांश टक्क्याने सरकतं. ऐकायला किरकोळ, पण पाच सप्तकं दूर गेल्यावर हीच चूक जवळजवळ एका प्रमाणश्रुतीएवढी होते. मिनीमूग या सिंथेसायझरच्या नंतरच्या नगांत तर यावर उपाय म्हणून स्वतःला तापवून घेणारी चिप बसवली होती. स्वर स्थिर राहावा म्हणून आत शेगडी! बंगळुरूत १९७९ साली जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बनवला, तेव्हा षड्ज जागेवर ठेवण्याचं आव्हान त्यांच्याही पुढे होतंच. खर्ज ढळला तर सिंथवाला त्याला उबदारपणा म्हणतो, गवई मैफल थांबवतो.

आणि इथेच दुरुस्ती करणाऱ्याची पंचाईत होते. या वाद्यांत दोष आणि गुण एकाच सुट्या भागात भाड्याने राहतात. मुंबईच्या चरणजीत सिंगांनी १९८२ च्या आपल्या रागांच्या डिस्को तबकडीत रोलंड कंपनीचं टीआर-८०८ हे तालयंत्र वापरलं. त्या यंत्राची खास सळसळ येते ती कारखान्याने नापास केलेल्या ट्रान्झिस्टरांमधून. रोलंडने ते मुद्दाम विकत घेतले होते. पुढे ट्रान्झिस्टर सुधारले, नापास माल मिळेना आणि ८०८ चं उत्पादनच थांबलं. मिनीमूगचा तो नावाजलेला भरदार आवाजही थोडा हिशोबाच्या चुकीचा: फिल्टरमध्ये ठरल्यापेक्षा जास्त जोराचा सिग्नल घुसत होता आणि कानाला गोड लागला म्हणून कुणी दुरुस्त केला नाही. २०२० साली प्रॉफेट-५ हा जुना सिंथेसायझर नव्याने निघाला, तेव्हा त्यावर 'व्हिंटेज' नावाचं बटणच आलं. ते फिरवलं, की नवं कोरं वाद्य जुन्यासारखं बिघडल्याचं सोंग करतं. मध्यमवर्गीय घरात बिघाडासाठी जादा पैसे मोजण्याची कल्पना पचायला जड जाते, पण लोक मोजतात.

तर देवनहळ्ळीत पॉलिसिक्सच्या एकदम वाजणाऱ्या सहा आवाजांपैकी पाच जागेवर आले. सहावा केसभर चढा. एकच स्वर ओळीने वाजवला, तर दर सहाव्यांदा जरा मान वर करून येतो. गृहस्थांनी तो खाली आणला. वाद्य शाळेच्या प्रार्थनेसारखं शिस्तीत वाजू लागलं. त्यांनी पुन्हा केसभर चढवला. मग स्क्रू हलू नये म्हणून, या धंद्यात लावतात तसा, नेलपॉलिशचा थेंब लावला. बाटली अर्थातच घरातली.

"अहो, हा गुलाबी डाग कारखान्यातलाच का?"

"हो," गृहस्थ म्हणाले. पुढच्या मालकालाही ते हेच सांगणार आहेत.