श्रीमती ठिणगी यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती ठिणगी,
मुक्काम बॉनेटखाली, सायलेन्सरलगत.

विषय : ट्रॅक्टर, हडंबा व हार्वेस्टर येथे आपणास पुरविण्यात येणाऱ्या सोयीसुविधांबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, ट्रॅक्टरला किंवा हार्वेस्टरला आग लागली की गावात पहिल्यांदा दैवाचे नाव घेतले जाते, मग शॉर्टसर्किटचे आणि क्वचित भाऊबंदांचे. आपल्या आगमनाची सगळी तयारी करणाऱ्या यंत्रमालकाचा मात्र कोठेच उल्लेख होत नाही. ही उपेक्षा दूर करण्यासाठी प्रस्तुत पत्र. आग लागायला जळण, हवा आणि उष्णता एवढ्या तीनच गोष्टी लागतात. हवा शिवारात फुकट मिळते. उरलेल्या दोघींची गाठ घालून देण्याचे काम बहुतेक वेळा माणूस करतो, तेही ऐन हंगामात.

जळणाच्या बाबतीत हात सर्वांत सढळ असतो. सोयाबीन ऑक्टोबरच्या सुमारास आणि गहू मार्च-एप्रिलात मळणीला येतो. दोन्ही वेळा काड इतके वाळलेले असते की मुठीत चुरगाळले तर भुगा होतो. हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, उडणारे कुटार, धूळ आणि बारीक तूस वाऱ्याबरोबर ट्रॅक्टरवर येऊन बसते. रेडिएटरची जाळी, बॅटरीची पेटी, डिझेल पंपाची कपार, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची मागची बाजू, कोठेही मज्जाव नसतो. जिथे ग्रीस किंवा तेल पाझरते तिथे हा भुसा चिकटून तेलकट थर धरतो. कापसाच्या पट्ट्यात पऱ्हाटीच्या श्रेडरभोवती रुईचे धागे आणि उसाच्या फडात पाचट तीच सेवा बजावतात.

उष्णतेची बाजू इंजिन सांभाळते. भार ओढणाऱ्या डिझेल इंजिनाचा मॅनिफोल्ड आणि टर्बो 400 ते 500 अंश सेल्सिअसपर्यंत तापू शकतात. साचलेला वाळका भुसा त्याच्या निम्म्या तापमानालाही धुमसू लागतो आणि डिझेलला आपोआप पेटायला 250 अंशांच्या आसपासची उष्णता पुरते. म्हणजे अशा ठिकाणी प्रत्यक्ष ठिणगीची गरजच पडत नाही. आपण तेथे केवळ मानाच्या पाहुण्या असता.

दुपारी जेवणासाठी मळणी थांबते. इंजिन बंद झाले की पंखाही थांबतो आणि मॅनिफोल्डची उष्णता बॉनेटखालीच कोंडून राहते. भुशाच्या थरात बोटभर जागा काळी पडते. तिच्या कडेने लालसर रेघ सरकू लागते. धूर इतका विरळ, की उन्हात दिसत नाही. भाकरी संपेपर्यंत ती रेघ वायरींच्या जुडग्याला भिडते. माणसे हात धुऊन परततात तेव्हा बॉनेटच्या फटीतून धूर निघत असतो आणि जो तो म्हणतो, गाडी तर बंद होती.

नव्या यंत्रांनी या सेवेत भर घातली आहे. 1 जानेवारी 2023 पासून 50 अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना ट्रेम-4 हे प्रदूषण मानक लागू झाले. ज्या मॉडेलांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर बसवलेला असतो, तेथे साठलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान अधूनमधून मुद्दाम 600 अंशांच्या घरात नेले जाते. हे काम चालू असताना ट्रॅक्टर वाळल्या गवतावर किंवा काडावर उभा करायचा नसतो. तसे माहितीपुस्तिकेत छापलेलेही असते. पुस्तिका मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि पिशवी कपाटात असते.

द्रव जळणाची तरतूद वेगळी. आयएस 1460 या भारतीय मानकानुसार डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान 35 अंश असावा लागतो, म्हणजे त्या तापमानाला त्याची वाफ पेटण्याजोगी होऊ शकते. विदर्भातल्या मे महिन्यात सावलीतला पारा 45 अंशांपर्यंत जातो. तरीही टाकीचे झाकण हरवले की चिंधीचा बोळा कोंबला जातो आणि इंजिन गरम असतानाच कॅनमधून डिझेल ओतले जाते. डिझेलचा पाईप पाझरू लागला की त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली जाते. हायड्रॉलिकचा होज चिरला तर 150 बारच्या पुढील दाबाने तेलाचे तुषार उडतात. हे तेल भांड्यात सहज पेटत नाही. तुषार होऊन तापल्या मॅनिफोल्डवर पडले की क्षणात भडकते.

विजेच्या बाबतीत 12 व्होल्टची बॅटरी निरुपद्रवी समजली जाते. शॉक लागत नाही, मग भीती कसली, असा हिशेब असतो. सेल्फ मारताना हीच बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह देते. सेल्फकडे जाणाऱ्या जाड केबलला पुष्कळदा फ्यूजही नसतो, म्हणून ती पत्र्याला घासून उघडी पडली की तार लालबुंद होते. जादा दिवे आणि ट्रॉलीतल्या माणसांनाही ऐकू जाईल एवढा डेक थेट बॅटरीवरून जोडला जातो. फ्यूज वारंवार उडाला तर दोष शोधण्याऐवजी तेथे तांब्याची तार बसते. पावसाळ्यात उभ्या असलेल्या यंत्राच्या वायरी उंदीर कुरतडून ठेवतात. ही सेवा विनामोबदला असते.

फिरत्या भागांत सुकलेले बेअरिंग, ढिला पडून घसरणारा बेल्ट आणि शाफ्टला गुंडाळलेले काड ही हमखास ठिकाणे. बेअरिंग जाण्याआधी दोन-तीन दिवस कुरकुरते, त्याचा आवाज डेकखाली दबतो. हार्वेस्टरच्या पात्यात दगड आला तर मात्र आपण जातीने हजर होता. वरच्या बाजूने वीजवाहिनी मदतीला येते. मानकाप्रमाणे 11 हजार व्होल्टपर्यंतची उघडी तार रस्त्यापासून दूर, शेतातही जमिनीपासून किमान 4.6 मीटर उंच हवी. तार लोंबलेली असते आणि कडब्याची ट्रॉली शिगेपलीकडे भरलेली असते. दोन्ही बाजूंनी अंतर कमी करण्याचा असा एकोपा अन्यत्र दुर्मीळ.

काही यंत्रमालक आपल्या कार्यात अडथळे आणतात, हे खेदपूर्वक निदर्शनास आणून देण्यात येते. ते सकाळी काम सुरू करण्याआधी आणि दुपारी एकदा ब्लोअरने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने भुसा उडवतात. मॅनिफोल्ड, रेडिएटर आणि बॅटरीच्या पेटीपासून सुरुवात करतात. गळका पाईप बांधत नाहीत, बदलतात. फ्यूजच्या जागी त्याच अँपिअरचा फ्यूज घालतात. सायलेन्सरला ठिणगीरोधक बसवतात. बॅटरीला कटऑफ स्विच लावतात आणि रात्री तो बंद करतात. वेल्डिंग करायचे तर आधी बॅटरीची जोडणी काढतात आणि आसपासचा भुसा झाडतात. काम संपल्यावर यंत्र गंजीपासून आणि गोठ्यापासून दूर, मोकळ्या जमिनीवर लावतात आणि अर्ध्या तासाने बॉनेटवरून एकदा नजर फिरवतात.

हेच लोक ट्रॅक्टरवर 6 किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ठेवतात, तोही जमिनीवरून हाताला येईल अशा जागी. त्याचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे की नाही हे पाहतात आणि वर्षातून एकदा तपासणी करून घेतात. ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते, म्हणून तो अधूनमधून उलटा करून हलवतात. गहू काढताना फवारणीची टाकी पाण्याने भरून बांधावर ठेवतात आणि दुसऱ्या ट्रॅक्टरला नांगर जोडून ठेवतात. पीक पेटलेच तर आगीच्या पुढे जमीन उलथून तिची वाट तोडता येते.

आग लागल्यावरही ही मंडळी घाई करत नाहीत, फक्त क्रम पाळतात. इंजिन बंद करणे, जमल्यास कटऑफ फिरवणे, खाली उतरणे आणि 101 किंवा 112 ला फोन करणे, हे पहिल्या मिनिटात. बॉनेट सताड उघडले की आत हवा जाऊन भडका उडतो. म्हणून फटीतून, वाऱ्याकडे पाठ करून, ज्वाळांच्या मुळाशी पावडर मारली जाते. 6 किलोचा अग्निशामक जेमतेम 15 ते 20 सेकंद चालतो, तेव्हा नेम चुकवून भागत नाही. पेटलेल्या डिझेलवर पाणी टाकल्यास आग पसरते. धुमसत्या भुशाला मात्र शेवटी पाणीच लागते, नाहीतर तासाभराने तो पुन्हा पेटतो. टायर पेटले असतील तर ते फुटण्याची शक्यता धरून लांब राहिले जाते. ट्रॅक्टर दुसरा घेता येतो, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो.

घटनेनंतरच्या अध्यायात विमा येतो आणि येथे आपल्या बाजूची कामगिरी पुन्हा उजळते. घरातल्या पत्र्याच्या पेटीत ट्रॅक्टरचा विमा म्हणून जो कागद असतो तो पुष्कळदा केवळ थर्ड पार्टीचा असतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 नुसार सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवायला तेवढाच सक्तीचा. त्यात दुसऱ्याच्या हानीची जबाबदारी येते. स्वतःचा ट्रॅक्टर जळाला तर एक रुपयाही मिळत नाही. त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. तिच्या प्रमाणित मजकुरात आग, स्फोट, आपोआप पेट घेणे आणि वीज कोसळणे ही कारणे पहिल्याच ओळीत असतात.

भरपाईचा आधार म्हणजे पॉलिसीत जाहीर केलेले मूल्य, बोलीभाषेत आयडीव्ही. नव्या किमतीतून ते वयानुसार घटते: 6 महिन्यांपर्यंत 5 टक्के, 1 वर्षापर्यंत 15, दुसऱ्या वर्षात 20, तिसऱ्यात 30, चौथ्यात 40 आणि पाचव्यात 50 टक्के. त्यापुढे मूल्य कंपनी आणि मालक या दोघांच्या संमतीने ठरते. हप्ता वाचवण्यासाठी हे मूल्य कमी लिहून घेणारा आगीनंतर तेवढ्याच किमतीचा धनी होतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला तर ट्रॅक्टर संपूर्ण गेला असे धरतात. त्याखालच्या दाव्यात रबर, प्लॅस्टिक, टायर, ट्यूब आणि बॅटरी यांवर निम्मी घट कापली जाते. आगीत पहिल्यांदा नेमके हेच भाग जातात.

पॉलिसीत काय नाही, हेही पाहावे लागते. झीज, यांत्रिक बिघाड आणि विजेचा बिघाड तिच्याबाहेर आहेत, त्यामुळे ज्वाळा न होता नुसती वायरिंग जळाली तर दाव्यावर वाद होतो. ट्रॉली, रोटाव्हेटर, हडंबा आणि नंतर बसवलेला डेक यांची नोंद पॉलिसीत नसेल तर तेही बाहेर. शेतीकामासाठी नोंदलेला ट्रॅक्टर भाड्याने वाळू वाहताना जळाला, तर वापराच्या अटीवर बोट ठेवले जाते. कर्जाचा बोजा असेल तर संपूर्ण नुकसानीची रक्कम आधी बँकेकडे जाते.

यंत्राबरोबर उभे पीक जळाले तर प्रधानमंत्री पीक विमा योजना धावून येईल, ही समजूतही आपल्या फायद्याची आहे. 2016 च्या खरिपापासून चालू असलेल्या या योजनेत आगीचा उल्लेख आहे, पण नैसर्गिक कारणाच्या. टाळता येण्याजोगे धोके वगळलेले आहेत. शिवाय मुख्य भरपाई महसूल मंडळातील सरासरी उत्पादनावर ठरते आणि एका शेतकऱ्याचे दोन एकर जळाल्याने मंडळाची सरासरी हलत नाही. गंजी, गोठा आणि साठवलेले धान्य यांना वेगळा आगविमा लागतो. प्रमाणित आगविम्यात ओला माल स्वतःच तापून पेटला तर ते नुकसान मूळ संरक्षणात येत नाही; त्याचे जादा संरक्षण घ्यावे लागते.

दाव्याची रीत साधी आहे. कंपनीला तत्काळ कळवणे, पोलिसांत नोंद आणि पंचनामा, अग्निशमन दल आले असेल तर त्याचा दाखला, सर्व बाजूंनी छायाचित्रे. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत सांगाडा हलवायचा नाही आणि भंगारवाल्याला फोन करायचा नाही. एका ट्रॅक्टरचोरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले, की पोलिसांत लगेच फिर्याद दिलेली असेल तर कंपनीला उशिरा कळवले एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. तो निकाल चोरीचा होता. आगीत उशीर झाला की राखेबरोबर कारणाचा पुरावाही जातो. दावा नाकारला गेला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर आले नाही, तर विमा लोकपालाकडे वर्षाच्या आत जाता येते. तेथे 50 लाख रुपयांपर्यंतची प्रकरणे चालतात आणि शुल्क नाही.

सबब, भुसा, चिंधी, ट्यूबची पट्टी व तांब्याची तार या सवलती पुढील हंगामापासून बंद करण्यात येत आहेत. अंमलबजावणी यंत्रमालकाच्या सकाळच्या अर्ध्या तासावर अवलंबून राहील.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
खळ्यावरील समस्त जळाऊ माल