डिस्चार्ज दोघांचा

‘उद्या सकाळी सोडू,’ असं डॉक्टर म्हणाले की घरचे त्याचा अर्थ ‘दुपारचं जेवण घरी’ असा लावतात. मग फाइल बिलिंगला जाते, तिथून विमा कंपनीकडे, आणि पेशंट सदरा-लेंगा घालून, केस विंचरून पलंगाच्या कडेला बसून राहतो. कॅशलेसवाल्यांना तीन तासांत अंतिम मंजुरी द्या, असा दंडक विमा नियामकाने 2024 मध्ये घातला. आता निदान घड्याळाकडे हक्काने बघता येतं.

आमच्या आकुर्डीच्या सोसायटीतले काका मांडीचं हाड मोडून रुग्णालयात होते. काका बजाजमधले, चेतकच्या ऐन भरातले. सगळी हयात इन्स्पेक्शनमध्ये गेलेली. भाड्याने आणलेला वॉकर त्यांनी पलंगावर बसूनच उलटा करवला, चारही रबरी बूट दाबून पाहिले आणि एक नापास केला. ‘चेतकसुद्धा 2022 मध्ये आकुर्डीला परत आला,’ ते फिजिओथेरपीवालीला सांगत, ‘त्याला बॅटरी घालावी लागली. माझं नुसत्या पट्टीवर भागलं!’

घरी मात्र धांदल होती. तुकोबांची पालखी देहूहून निघाली की आमच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, त्यामुळे माणसांची सोय लावण्यात आकुर्डीकर तसे तयार. मुलगा बंगळुरूला, मुलगी वाकडला. ‘बाबा डिस्चार्ज’ नावाचा ग्रुप निघाला. कमोडवर उंच सीट आली, भिंतीला दांडी बसली, पायपुसणी माळ्यावर गेली. बाथरूमचं दार आत उघडतं, आत कुणी पडलं तर ते त्याच्याच अंगावर अडेल, हे मात्र दांडी ठोकायला आलेल्या सुताराला सुचलं. ग्रुपवर इंजिनिअर चिक्कार होते. दार बाहेर उघडणारं झालं.

मग वेळापत्रक आलं, रंगीत. व्यायाम कोण घेणार? आई. पथ्याचं? आई. रात्री बाथरूमला नेणार? आई. काकू चौऱ्याहत्तरच्या, गुडघे कुरकुरणारे, इतके दिवस रुग्णालयाच्या बाकड्यावर आडव्या होत होत्या. काकांच्या गोळ्या मिनिटावर देताना स्वतःच्या बीपीची गोळी दोनदा राहिली, हे त्यांनी सांगितलं नाही. मुलीला पाकिटावरून कळलं.

मग कुणीतरी काकूंनाच विचारलं. त्यांचं उत्तर तयार होतं. ‘स्वयंपाकाला बाई नको. रात्रीला माणूस द्या. आणि भेटायला येणाऱ्यांना सांगा, चहा खालून पिऊन या.’ काका म्हणाले, ‘अगं, लोक काय म्हणतील?’ ‘अहो, म्हणू देत. कपबश्या मी विसळते.’

निघताना काकूंनी पिशवीतून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढून सिस्टरपुढे रिकामा केला. काकांच्या घरच्या सगळ्या गोळ्या. नव्या चिठ्ठीतली बीपीची गोळी आणि डब्यातली जुनी, कंपन्या दोन, औषध एकच. घरी दोन्ही चालू राहिल्या असत्या. डॉक्टरांना विचारून सिस्टरने जुनीवर फुली मारली.

तुमच्याकडे असा बेत चालू असेल तर तो डबा न्याच. आणि निघण्याआधी आईचंही बीपी तिथेच मोजून घ्या. मशीन समोरच असतं.