भाजणी नको, शाळू पाठव

वेलचेरी, चेन्नई

ती. सौ. आत्यास,


वेलचेरी भारतातच आहे आणि इथे यायला पासपोर्ट लागत नाही. पण तुझ्या लेखी जिथली भाषा कळत नाही आणि जिथे ऐन दिवाळीत पाऊस पडतो तो परदेशच. तेव्हा हे पत्र परदेशातूनच आलंय असं समज. नाजूक पोटाच्या माणसासाठी तू ज्वारी, बाजरी, नाचणी, राजगिरा, शिंगाडा, सातू आणि वर भाजणी असं पिठांचं खोकं पाठवायला निघाली आहेस. तुझ्या मायेबद्दल शंका नाही, शंका खोक्याबद्दल आहे. माझं म्हणणं एवढंच, की तक्रार करणाऱ्या पोटाला एका वेळी एकच पीठ द्यावं, तेही साधं, कशात न मिसळलेलं. आणि गव्हावर खापर फोडण्याआधी गव्हातलं नेमकं काय बाधतं ते बघावं. सात पिठं एकदम पोटात गेली आणि पोट बिघडलं, तर गुन्हेगार कोण हे अर्नाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजारलाही सांगता यायचं नाही.

आधी गंभीर गोष्ट उरकते. सीलिअ‍ॅक नावाचा आजार खरा आहे. त्यात गव्हातल्या ग्लुटेनमुळे शरीर आपल्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटतं. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता; १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला आणि लोक उपाशी असताना त्याचे हे बालरुग्ण उलट सुधारले. आपल्याकडे २०१६ मध्ये तेवीस हजारांहून जास्त माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. उत्तर भारतात हा आजार हजारी साडेआठ जणांना, तर दक्षिणेत दहा हजारांत जेमतेम एकाला. आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे साधारण एक तृतीयांश लोकांत सारखीच होती. फरक ताटात होता: रोजचा गहू उत्तरेत साडेचारशे ग्रॅमच्या घरात, दक्षिणेत पंचवीसच्या. (रात्री इथल्या गाड्यांवर तव्यावर आपटून चुरणारा मैद्याचा परोट्टा बघितला की हा पंचवीसचा आकडा पटत नाही, पण सरासरी ती सरासरी.) आता तू म्हणशील, मग आधी महिनाभर गहू बंद करू, बरं वाटलं तर डॉक्टरांचे पैसे वाचले. नेमकं हेच करायचं नाही. या आजाराची रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच करायची असते. गहू सोडला की रक्तातली प्रतिपिंडं उतरतात आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येतो. म्हणून क्रम असा: आधी तपासणी, मग पीठ.

तपासणीत काही निघालं नाही, तरी पोळी खाल्ली की पोट फुगतं, गुडगुडतं ही तक्रार पुष्कळांची असते आणि ती खोटी नसते. फक्त आरोपी बहुधा चुकीचा पकडलेला असतो. ग्लुटेन हे गव्हातलं प्रथिन. त्याच गव्हात फ्रुक्टॅन नावाची कर्बोदकं असतात, आणि ती पचवायचं विकर माणसाच्या आतड्यात नसतंच. ती तशीच मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जंतू त्यांच्यावर ताव मारून वायू करतात. धडधाकट माणसाला याचा पत्ताही लागत नाही, हळव्या आतड्याला लागतो. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा सगळ्या चटकन आंबणाऱ्या साखरांना मिळून फॉडमॅप असं नाव दिलं. पुढे २०१८ मध्ये ऑस्लोहून एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सीलिअ‍ॅक नसलेल्या, पण आपल्याला ग्लुटेन बाधतं असं मानणाऱ्या ५९ जणांना आठवडा-आठवडाभर तीन तऱ्हेच्या वड्या दिल्या. एकीत ग्लुटेन, दुसरीत फ्रुक्टॅन, तिसरीत दोन्ही नाही. आणि आपण कोणती खातोय हे खाणाऱ्याला ठाऊक नाही. २४ जणांना सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टॅनच्या वडीने झाला, १३ जणांना ग्लुटेनच्या. उरलेल्या २२ जणांचं पोट सर्वांत जास्त बिघडलं ते काहीच नसलेल्या वडीने! हे २२ जण मला आपल्याच नात्यातले वाटतात.

यावरून त्रास हा मनाचा खेळ आहे असं कुणी काढू नये. भीतीनेही आतडी खरीखुरी पिळवटतात. पण 'मला नाचणी बाधली' ही साक्ष एकदा ऐकून निकाल देता येत नाही, हे मात्र यातून निघतं. दुसरं असं, की फ्रुक्टॅन आरोपी असेल तर कांदा आणि लसूण हे त्याचे मोठेच साथीदार. पोळी सोडून भाकरीवर लसणाची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा घेऊन बसलेला माणूस पोटाला काहीच विश्रांती देत नाही, दोष मात्र ज्वारीला देतो. 'पण गहू सोडल्यावर अमक्याला किती बरं वाटलं' हा तुझा हुकमी मुद्दा मला मान्य आहे. वाटणारच. गव्हाबरोबर त्याची पुरी, खारी, टोस्ट, पाव आणि बिस्किटंही गेली. बरं कशामुळे वाटलं ते मात्र यावरून ठरत नाही.

आता ज्वारी. गव्हाला पर्याय म्हणून मी तिलाच पहिला नंबर देईन. तिच्यात ग्लुटेन नाही, आणि ते नाही म्हणूनच भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. कणीक ताणली जाते ती ग्लुटेनच्या जोरावर. ज्वारीच्या पिठाला तो आधार नसल्याने गरम पाण्याने त्यातलं पिष्ट थोडं शिजवून चिकट करून घ्यायचं, तळव्याने रगडायचं आणि कडा तुटू न देता परातीत फिरवत न्यायची. पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग कितीही कढत पाणी घाला, भाकरी परातीतून उचलताना अर्धी हातात आणि अर्धी परातीत. खोक्यातलं पीठ इथे पोचून संपेपर्यंत समुद्रकाठच्या दमट हवेत हेच होणार. बाजरीचं त्याहून वाईट, तिच्यातली चरबी लवकर खवट होते आणि पीठ कडवटतं. शिवाय ज्वारी इथे मिळते. दुकानात तिला चोळम म्हणतात. नुसतं चोळम मागायचं, मक्काचोळम मागितलं तर मका हातात पडतो. नाचणी तर इथली घरचीच: आडी महिन्यात मारिअम्मनच्या देवळांपुढे कूळ वाटतात ती म्हणजे तुझी आंबीलच. ज्याला तुम्ही राळा म्हणता ते इथे तिनै, तेही मिळतं. यातलं काहीच तिकडून धाडायला नको. फक्त कोंड्यासकटची ही धान्यं हळव्या पोटाने पहिल्याच दिवशी तीन भाकऱ्यांनी सुरू करू नयेत, अर्धीने करावीत.

खरा वाद भाजणीवर होणार हे मला माहीत आहे. 'भाजल्याने ती हलकी होते, आजारातून उठलेल्यालाही थालीपीठ द्यायचो', असं तू म्हणशील. भाजल्याने खमंगपणा येतो, कच्चेपणा जातो, हे खरं. पण बहुतेक घरच्या भाजणीत गहू असतो आणि भाजून ग्लुटेन मरत नाही. हरभऱ्याची आणि उडदाची डाळ असते, तिच्यातल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा आपल्याला पचत नाहीत, आणि त्याही भाजण्याला दाद देत नाहीत. वर थालिपिठात कांदा हवाच. म्हणजे संशयितांची अख्खी टोळी एकाच तव्यावर. सातूचंही तसंच. सातू म्हणजे जव धरला तरी त्यात ग्लुटेन, आणि घरी करतो तसं गहू-डाळ्याचं पीठ धरलं तर दोन्ही संशयित हजर. बाजारातल्या मल्टिग्रेन आट्याच्या पिशवीवर घटक वाचून बघ, पहिलं नाव बहुधा गव्हाचंच असतं.

याउलट इथल्या लोकांनी डाळीचा प्रश्न कुठलंही नवं पीठ न शोधता सोडवलाय. उडीद भिजवायचे, पाणी फेकायचं, वाटून उकड्या तांदळात मिसळायचे आणि रात्रभर सोडून द्यायचं. त्या पोटदुख्या साखरा थोड्या पाण्याबरोबर जातात, उरलेल्यांतल्या बऱ्याचशा पातेल्यातले जंतू खातात. जो वायू पोटात व्हायचा तो आदल्या रात्री पातेल्यातच होऊन जातो आणि त्याच्यावरच इडली फुगते. वेलचेरीत कोपऱ्यावरच्या दुकानातही हे ओलं पीठ पिशवीत मिळतं. आपली आंबोळी याच जातीची, पण आपण तिला पाहुणे आल्यावर आठवतो. 'तांदळाने साखर वाढते' हा आक्षेप मधुमेह्यासाठी रास्त आहे, त्याने ज्वारीकडेच वळावं. 'आंबवलेल्याने पित्त होतं' हेही काहींचं खरं असेल. त्यांनी तांदळाचं घावन करावं, त्यात आंबवण्याचा प्रश्नच नाही. दोन्ही आक्षेपांवर उत्तर एकच: एक पीठ, थोडं, चार-सहा दिवस, बाकीचं जेवण होतं तसंच; मग ते बंद करून पुन्हा एकदा द्यायचं. दुसऱ्यांदाही तोच त्रास झाला तर साक्ष खरी.

तेव्हा पाठवायचंच असेल तर शाळू पाठव, मंगळवेढ्याकडची मालदांडी मिळाली तर उत्तम, तशी इथे बघायला मिळत नाही. पण दाणे पाठव, दळू नकोस. तुमच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळलेला असतो आणि जात्याच्या दगडांत अडकलेलं पीठ पुढच्याच्या डब्यात येतं. आपल्या कायद्याने ग्लुटेनमुक्त म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. सीलिअ‍ॅकवाल्याला तेवढी काळजी घ्यावीच लागते, इतरांना नाही. साबुदाणा मात्र मुळीच पाठवू नकोस. तो सेलमकडचा, याच राज्यात टॅपिओकाच्या कंदापासून होतो आणि इथून निघून तुझ्या एकादशीला पोचतो. त्याचं परत तिकीट काढायचं कारण नाही.

काकांना सा. न. आणि पोरांना आशीर्वाद.

तुझी,
भाची

ता. क. हिंगाचं राहिलंच. डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, तो सौम्य करायला कशात तरी मिसळलेला असतो आणि पुष्कळदा ते गव्हाचं पीठ असतं. सीलिअ‍ॅक असलेल्या माणसाने इडली निर्धास्त खावी आणि सांबाराने घात व्हावा, असं त्यामुळे होऊ शकतं. डबीवर गव्हाचं नाव नसेल तरच पाठव.