तीर्थरूप कलम ९ यांस

ती. कलम ९, नागरिकत्व कायदा १९५५, यांस


पत्रास कारण की, आम्ही सध्या सुट्टीला राजापूरच्या घरी आहोत. परवा पडवीत बसून माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना विचारलं, "मी इथली आहे की पाहुणी?" आबांची सुपारी अडकित्त्यात तशीच राहिली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी आता तुमच्याकडे पाहते आहे.

मी भारतीय पासपोर्टवाली, नवरा जर्मन, बिऱ्हाड श्टुटगार्टला. लेक तिथेच झाली. बाप जर्मन म्हणून जन्मतःच जर्मन. त्यासाठी तिने काही अर्जबिर्ज केला नाही, नुसती रडली. माझ्या बाजूने ती तुमचीही होऊ शकत होती. वर्षाच्या आत वकिलातीत जन्म नोंदवायचा आणि 'हिच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही' असं लिहून द्यायचं. मग जर्मनीत राहणाऱ्या जर्मन मुलीला जर्मन पासपोर्टाशिवाय वाढवायचं कसं, ते त्या अर्जात लिहिलेलं नव्हतं. आम्ही पासपोर्ट घेतला.

ही नोंद तुमच्या शेजारच्या कलम ४ च्या अखत्यारीतली, हे मला ठाऊक आहे. तेही पूर्वी कडकच होते. १० डिसेंबर १९९२ च्या आधी परदेशात जन्मलेल्या मुलाला भारत फक्त बापाकडून मिळायचा, आई नुसती बाळंत व्हायची. आता ते बरेच निवळलेत. अज्ञान मूल दोन देशांचं असू शकतं, हे त्यांना मान्य आहे. फक्त अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत दुसरा देश सोडायचा, नाहीतर आपला गेला. सहा महिन्यांत आमच्या तलाठ्याकडे फेरफार होत नाही, तिथे पोराने आई की बाप हे ठरवून मोकळं व्हायचं.

स्वखुशीने दुसरा देश घेतला की आपला काढून घ्यायचा, असा तुमचा स्वभाव का झाला, तेही समजतं. घटनेतले तुमचे थोरले बंधू अनुच्छेद ९ तर २६ नोव्हेंबर १९४९ लाच कामाला लागले, बाकीची बहुतेक घटना अजून दोन महिने लांब होती. फाळणी डोळ्यांदेखत झालेली. तेव्हा 'इकडचा की तिकडचा?' हे विचारावंच लागलं असेल. पण राजापूर आणि श्टुटगार्टमध्ये फाळणी झाल्याचं आमच्या ऐकिवात नाही. आमच्या दोघांत भांडणं होतात, ती डिशवॉशरवरून.

आता गंमत बघा. २७ जून २०२४ पासून जर्मनीने कायदा बदलला. मी तिथलं नागरिकत्व घेतलं तर भारताचं सोडायची अट त्यांची नाही. सासर म्हणतंय, माहेरचं नाव खुशाल ठेव. आणि माहेर म्हणतंय, तिकडच्या कागदाला हात लावलास तर उंबऱ्याबाहेर. आमच्या आजीच्या काळात हे नेमकं उलटं असायचं.

तुम्ही म्हणाल, बाहेर कुठे? ओसीआय, म्हणजे 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'चं कार्ड, दिलंय की! दिलंय खरं. म्हणायला कार्ड, हातात येते पासपोर्टासारखी पुस्तिका. लेकीचा अर्ज भरला तेव्हा ती चार महिन्यांची. सहीच्या जागी अंगठा हवा, आणि तोही चौकोनाच्या रेघेला न लागता. ती झोपली की शाईचं पॅड काढायचं, मूठ हलकेच उघडायची, की ती लगेच मिटायची. चौथा कागद जमला. त्या दिवशी घरभर, उशीच्या अभ्र्यापर्यंत, भारताशी जोडू पाहणारे निळे ठसे होते. नवऱ्यालाही माझ्यामुळे तेच कार्ड मिळालंय. घटस्फोट झाला तर ते जातं. डिशवॉशरचा विषय निघाला की मी त्याला याची आठवण देते.

पण हे नागरिकत्व नव्हे. नावात 'नागरिक' आहे एवढंच, आणि २०१५ साली त्याच्याही पुढे तुम्ही 'कार्डधारक' हे शेपूट चिकटवलंत. व्हिसा जन्माचा. शनिवारवाड्याचं तिकीट भारतीयांच्या दराने, देशातल्या विमानाचंही. मत नाही, सरकारी नोकरी नाही. संशोधन, पत्रकारिता आणि गिर्यारोहण करायचं तर खास परवानगी. यातलं गिर्यारोहण वाचून मी बुचकळ्यात पडले. सिंहगडावर पिठलं-भाकरी खायला गेलं तर ते कशात धरतात?

थोडक्यात, ओसीआय म्हणजे जुनी माहेरवाशीण. ये, राहा, पुरणपोळी खा, ओटी भरून घे, सातबाऱ्याचं मात्र बोलू नको. हिंदू मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मतः वाटा महाराष्ट्राने १९९४ साली दिला, साऱ्या देशाने २००५ साली. आणि त्याच २००५ सालच्या दुरुस्तीने ओसीआयचं दार जवळपास सगळ्या देशांतल्या भारतीय वंशाच्या लोकांना उघडलं. एकाच वर्षी एका लेकीला वाटा आणि दुसरीला साडीचोळी.

पूर्ण वाटा हवा असेल तर काय करावं लागतं, ते पुण्याच्या फुटबॉलवाल्यांना विचारा. पुणे एफसीकडून बालेवाडीला खेळलेला अराता इझुमी. वडील गुजराती, आई जपानी. जपानचं नागरिकत्व सोडून तो नीलकंठ खांभोळजा झाला, तेव्हा कुठे २०१३ मध्ये त्याच्या अंगावर भारताचा शर्ट चढला. दोन्हीकडून खेळायला तो मागतच नव्हता.

आता सातबारा निघालाच आहे तर आबांचं सांगते. त्यांना नातीच्या नावावर हापूसच्या दोन झाडांपुरता तुकडा करायचा होता. तालुक्याच्या वकिलाने सांगितलं, परदेशी राहणाऱ्या ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. वारसाने गेली तर हरकत नाही. (हा नियम परदेशी राहते म्हणून मलाही आहे, पण मी परत येऊन राहिले की सुटले.) आबा घटकाभर गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे अडचण मी जिवंत असण्याची आहे!"

मग जमिनीचा नाद सोडून त्यांनी नातीला कोय कलम शिकवायला घेतलं. पाऊस थांबून थांबून पडत होता. पंधरा दिवसांचं रायवळ रोप, पानं अजून तांबूस. त्याचा शेंडा उडवला, खोडाला मधोमध चीर दिली. हापूसची बोटभर काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. पट्टी लेकीने ओढून धरली होती, जीभ दातांत धरून. आबा म्हणाले, "मूळ एकाचं, फळ दुसऱ्याचं. आता हे झाड कुणाचं?" ती म्हणाली, "झाडाचं."

तुमची बाजूही आबांनीच मांडली. जोडाच्या खाली रायवळची फूट आली की ती खुडायची, नाहीतर वरचा हापूस मरतो. मान्य. पण कलम वाढावं म्हणून आजवर कुणी मुळं उपटलेली नाहीत. एवढ्या मोठ्या बागेचे तुम्ही नावाने कलम, आणि जोडायचं काम तेवढं तुम्हाला येत नाही.

थोरामोठ्यांस नमस्कार, अनुच्छेद ९ यांसही.

आपली आज्ञाधारक,
तूर्त एकाच देशाची

ता. क. आबांनी विचारायला सांगितलंय : ते कलम सध्या पत्र्याच्या डब्यात आहे. डबा नातीच्या नावाने केला तर चालेल का? आत साधारण अडीच किलो माती आहे. ती शेतजमिनीत धरणार असाल तर तसं लेखी कळवावं.